अंड्याचा गिला वडा

"काका, तुमी अंडं खाता का?"

आचलनं हे विचारलं तेव्हा डोमाजी काकांचा पहिला घास नुकता घशाखाली उतरत होता आणि दुसरा बोटांत तयार होता. डाव्या हातात पळसाच्या पानांचा द्रोण, खांद्यावर पंचा, मिशीच्या टोकाला पांढरं लागलेलं. वडा गोड कसा लागतो आहे हे कोडं त्यांच्या चेहऱ्यावर आधीच पडलेलं होतं. त्यात हा प्रश्न. आचलच्या मागं वर्षाली मोबाइल उभा धरून होती, आणि दीपमालानं हसू फुटू नये म्हणून ओढणीचा बोळा तोंडावर दाबला होता.

"नाही बेटा," काका म्हणाले. "उपदेश घेतला तवापासून नाही. कावून?"

"कारण तुमी आता खाल्लं नं," आचल म्हणाली. "तो वडा नाही काका. केक आहे. अंड्याचा."

प्रश्न विचारण्याची पैज वर्षालीनं लावली होती. हे शेवटचं वाक्य मात्र आचलचं स्वतःचं होतं, आणि ते म्हणताना तिचा आवाज असा खणखणीत लागला की तिचं तिलाच नवल वाटलं.

मागच्या वर्षापर्यंत या आवाजाचा वर्गात कुणाला पत्ता नव्हता. आचल म्हणजे खिडकीजवळच्या बाकावरची, चष्म्याच्या काड्या चावणारी, हजेरीत 'हो' म्हटलं तरी बाईंना दुसऱ्यांदा नाव घ्यायला लावणारी मुलगी. मग वर्गशिक्षिकांच्या वाढदिवसाला तिनं कंपासपेटीसारखा केक करून नेला. झाकण उघडलं की आत कर्कटक, गुण्या, खोडरबर, सगळं खाण्याजोगं. बाईंनी तो स्टाफरूममध्ये फिरवला, मुख्याध्यापिकांनी पट्टी मोडून खाल्ली, आणि दुसऱ्या दिवशीपासून आचल म्हणजे 'आपली केकवाली' झाली. मधल्या सुट्टीत वर्षाली तिला हाक मारून आपल्या कट्ट्यावर बसवून घेऊ लागली. आचल बोलली की पोरी माना वळवून ऐकत. ज्याला सवय नाही त्याला हे ऊन चढतंच. ती मोठ्यानं हसायला शिकली, वाक्य अर्ध्यात तोडून दुसरीच्या पाठीवर थाप मारायला शिकली, आणि घरी आरशासमोर चष्मा काढून, परत घालून, दोन्ही बाजूंनी आपण चांगल्या दिसतो असं तिनं ठरवून टाकलं.

तर वर्षालीचा वाढदिवस आला. लहानपणी तुले सगळ्यात जास्त काय आवडाचं, असं आचलनं तिला विचारलं, तर उत्तर ठरलेलंच होतं. केजीपासून या शाळेत असलेल्या कुठल्याही पोरीचं तेच असतं. फाटकासमोरचा डोमाजी काकांचा गिला वडा. ताकात भिजून फुगलेला, वर घट्ट दह्याची गादी, त्यावर हिरव्या मिरचीची चटणी. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खायचा आणि द्रोण चाटून वर आणखी दही मागायचं. आचल पहिलीत असताना काका तिच्या द्रोणातली चटणी बोटाच्या टोकाएवढीच ठेवत आणि म्हणत, ही मोठी झाली की मोठी चटणी.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर ती कामाला लागली. स्पंजचे गोल कापले, कडा बोटांनी दाबून वड्यासारख्या बसक्या केल्या. पांढऱ्या चॉकलेटमध्ये कोको आणि जाळलेली साखर कालवून वरचं तळलेलं साल केलं, आणि ते ओलं असतानाच नव्या टूथब्रशनं टोचून टोचून खडबडीत केलं. दह्यासाठी क्रीम. ते फार फेटलं तर खोटं दिसतं म्हणून हातानंच, जरा सैल. चटणीला पिस्ते भरड वाटले. तिखटाची भुकटी म्हणून लाल रंगवलेली पिठीसाखर. आईनं ओट्यापाशी येऊन बघितलं आणि वडे कधी तळले म्हणून विचारलं, तेव्हा आचलनं जागच्या जागी उडी मारली.

अंड्यांचं मात्र असं झालं. बिनअंड्याचा केक म्हणजे रबर, असं वर्षालीचं म्हणणं होतं, आणि कट्ट्यावर वर्षालीचं म्हणणं म्हणजे शेवटचं. आचलनं अंडी फ्रिजमधून काढून ओट्यावर ठेवलीही होती. मग तिच्या मनात आलं की यातला एक वडा खुद्द डोमाजी काकांना द्यावा. ज्यानं हयातभर गिला वडा केला तोच फसला तर याहून मोठं सर्टिफिकेट कोणतं. आणि काका उपदेशी. महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेला माणूस मटण-मच्छी-अंड्याला शिवत नाही. बाहेर कुठेही पाणीसुद्धा न पिणारे उपदेशी लोक त्यांच्या गाडीवर मात्र निर्धास्त खायचे, हे फाटकावरच्या चौकीदारालासुद्धा माहीत होतं. आचलनं अंडी परत फ्रिजच्या दारात ठेवली आणि दही, कंडेन्स्ड मिल्क, खायचा सोडा घेतला. स्पंज असा मऊ आला की शनिवारी वर्षालीनं बोटानं दाबून पाहिलं आणि विचारलं, "अंडे टाकले नं?"

"मंग काय," आचल म्हणाली.

एवढंच. दोन शब्द. पण त्या दोन शब्दांवरूनच तर वर्षालीच्या डोक्यात पुढचं आलं. फाटकातून बाहेर पडता पडता तिनं आचलचा दंड धरला. काकाले नुसता केक चारण्यात काय मजा आहे, असे तर व्हिडिओ पोत्यानं पडले. विचार त्याईले, अंडं खाता का म्हणून. आहे हिंमत? दीपमाला म्हणाली, हिची काय होते हिंमत, ही चष्मिश. आणि आचलला मनातल्या मनात गुदगुल्या झाल्या, कारण तिला एकटीलाच माहीत होतं की त्यात अंडं नाही. कुणाचं काही बिघडणार नाही. काका दचकतील, पोरी हसतील, मग ती म्हणेल, मजाक केला काका. अर्ध्या मिनिटाचा खेळ. तिनं द्रोण दोन्ही हातांनी धरून पुढं केला आणि म्हणाली, काका, मी घरी तुमच्यासारखा वडा केला, चाखून पाहा नं. काकांनी पंच्याला हात पुसले. "घरचा नं?" एवढंच विचारलं. वड्यात अंडं आहे का, हे या जगात कुणी विचारत नाही.

डोमाजी काका ओरडले नाहीत. पोरींना तर ओरडणंच अपेक्षित होतं. वर्षालीनं मोबाइल जरा जवळ नेला. काकांनी बोटांतला घास द्रोणात ठेवला. द्रोण गाडीच्या कडेला ठेवला, सांडू नये अशा बेतानं. खाली वाकून शेगडी बंद केली. मग ते गाडीमागच्या नालीपाशी गेले, उकिडवे बसले आणि दोन बोटं घशात घातली.

लेकराला घेऊन आलेली एक बाई द्रोणाची वाट बघत तशीच उभी होती. तिनं लेकराचं तोंड दुसरीकडं फिरवलं.

आचल धावत मागं गेली. काकांच्या पाठीचं हाड सदऱ्यातून वरखाली होत होतं. ती म्हणाली की मजाक केला, अंडं नव्हतं, खरंच नव्हतं. काकांनी चूळ भरली, पंच्यानं तोंड पुसलं आणि तिच्याकडं पाहिलं. बरणी फोडून मांजरीचं नाव घेणाऱ्या लेकराकडं पाहावं तसं.

"असू दे बेटा," ते म्हणाले. "घरी जाय."

परत येऊन त्यांनी ताकातले सगळे वडे, तळलेले, भिजवलेले, घमेल्यासकट उचलले आणि कोपऱ्यावरच्या गाईपुढं ओतले. त्यांच्या बाटलेल्या हातानं आता काही विकायचं नव्हतं.

"आता पलटू नको नं वं," वर्षाली आचलच्या कानाशी म्हणाली. "भल्ला मस्त आला व्हिडिओ."

व्हिडिओला तिनं नाव दिलं, 'अंड्याचा गिला वडा'. काका नालीकडं गेले ते तिनं कापलं नव्हतं. उलट त्यावर ढोल वाजवला होता. संध्याकाळी आचल घरी चपलेचा पट्टा काढते आहे तोवर तो अमरावतीभर फिरून अकोल्याला पोचला होता. अकोल्याच्या मावशीचा आईला फोन येऊन गेला होता. पाटबंधारे कार्यालयातल्या ग्रुपवर कुणीतरी बाबांना विचारलं होतं, साहेब, ही कन्या आपली का.

बाबांनी हात उचलला नाही. ते नुसते सोफ्यावर बसून तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावत राहिले, आणि दर वेळी त्यातून आचलचा तो खणखणीत आवाज घरभर निघत राहिला. शेवटी आईनं मोबाइल काढून घेतला. ती आचलजवळ बसली, तिच्या कपाळावरचे केस मागं सारले आणि हळू आवाजात म्हणाली की आपण आता त्यांच्या घरी जाऊ. जाऊन सांगू की अंडं नव्हतं.

"नव्हतंच आई," आचल म्हणाली.

"हां. अस्संच म्हणजो."

"म्हणजो नाही. खरंच नव्हतं. दह्याचा केला होता मी."

"शाब्बास. दह्याचं बी सांगजो," आई म्हणाली. "थोडं रडली तरी चालते."

आचल उठली. तिनं फ्रिजचं दार उघडून अंडी दाखवली. ही पाहा, इथंच आहेत, वापरली नाहीत मी. आईनं तिकडं बघितलं आणि मान हलवली.

"उरलेली," ती म्हणाली.

डोमाजी काकांचं घर रेल्वेपुलाच्या पलीकडं, दोन खोल्यांचं. दारात भागीरथाबाई, त्यांची बायको, तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप बाजूला केलं, खुर्ची बाबांना दिली, आईला पाट दिला. पाणी आणलं. काका मिळेल त्या पहिल्याच गाडीनं चांदूर बाजारकडं गेले होते. तिकडं गावी त्यांच्या पंथाचा आश्रम होता. किती दिवस, ते आश्रमातले बाबा सांगतील तितके. तोवर अन्न घेणार नाही असं सांगून निघालेत, आणि शुगर आहे त्यांना, असं भागीरथाबाई म्हणाल्या.

आचलनं सगळं सांगितलं. अगदी पहिल्यापासून, चटणीच्या पिस्त्यांपासून. अंडी ओट्यावर काढली आणि परत ठेवली, ते सांगितलं. 'मंग काय' म्हटलं, ते सांगितलं. रडायचं तिनं ठरवलं नव्हतं, पण मध्येच रडू आलं, आणि तेवढ्यात तिनं पाहिलं की आई मान खाली घालून, बरोबर चाललं आहे अशा समाधानानं ऐकते आहे.

भागीरथाबाईंनी ते पाहिलं की नाही कोण जाणे. त्यांनी आचलला पूर्ण बोलू दिलं. मग सूप परत मांडीवर ओढलं.

"पोरी," त्या म्हणाल्या, "घरून चांगलं शिकवून आणलं तुले. आमच्या पोट्ट्याईले आमी असं बी शिकवलं नाही."

बाबा उठून उभे राहिले. कुणीच पाणी प्यायलं नव्हतं.

फाटकासमोरची जागा रिकामी राहिली. पोरी मधल्या सुट्टीत सवयीनं फाटकापर्यंत जात आणि परत फिरत. आठवडाभरानं तिथं एका पोराची मोमोजची गाडी लागली. उपदेशी मंडळींत बोलणं झालं, ते शाळेपर्यंत यायला वेळ लागला नाही: ज्याच्या पोटात अंडं गेलं त्याच्या हातचं कसं खायचं. आणि आचलला अकोल्याहून एका कॉलेजच्या पोरांचा मेसेज आला. गॅदरिंगसाठी तो 'अंड्याचा गिला वडा' पाहिजे, ऑर्डर घेता का. अंडं जास्त टाकजा, असं लिहून पुढं हसणारी तोंडं टाकली होती.

तिनं वर्षालीला गाठलं. जिन्याखाली, एकटीला. सांगितलं की अंडं नव्हतंच, मी तुमच्यासमोर उगाच हो म्हटलं, व्हिडिओ काढून टाक. वर्षाली तिच्याकडं बघत राहिली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच तिला आचल काहीतरी गमतीशीर बोलली असं वाटलं असावं.

"म्हणजे आमाले खोटं सांगतलं?"

"हो."

"अन् काकाले बी खोटंच सांगतलं. नाही ते अंडं आहे म्हणून."

आचल चष्म्याची काडी चावू लागली.

"मंग कोन्ती खोटारडी आहे तू, ते एकदाचं ठरव," वर्षाली म्हणाली. "मी त कॅमेरा धरला होता फक्त."

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर आचलच्या जागी दप्तर ठेवलेलं होतं. कुणी काही म्हटलं नाही. दप्तर उचललंही नाही.

मग आचलनं आपला स्वतःचा व्हिडिओ केला. चष्मा घालून, स्वयंपाकघरात, कंडेन्स्ड मिल्कचा डबा हातात धरून. तिनं तोच केक पुन्हा केला, प्रत्येक गोष्ट कॅमेऱ्यासमोर धरून दाखवली, कापला, आतला मऊपणा दाखवला. हा बिनअंड्याचा आहे, तोही असाच होता, असं म्हणाली. लोकांनी पाहिला. पहिल्या व्हिडिओइतका नाही, पण पाहिला. फट गई, असं एकानं लिहिलं. घरवाल्यांनी मारलं वाटते, असं दुसऱ्यानं. एका बाईनं लिहिलं होतं, चूक झाली तर कबूल करावी बाळा, आजकालच्या मुलांना तेवढंही येत नाही. त्या बाईला सगळ्यांत जास्त लाल बदाम, म्हणजे लाइक, मिळाले होते. मावशीनं अकोल्याहून आईला कळवलं की हे चांगलं केलं, आता प्रकरण मिटेल. हे व्हिडिओचं तुम्हीच सुचवलं का पोरीला?

आचलनं तो केक कुणाला दिला नाही. आतल्या खोलीत दार लावून एकटीनं खाल्ला, मळमळेपर्यंत. केक खरोखर छान झाला होता.

डोमाजी काका परतले ते चतुर्थीच्या आसपास. एका सकाळी शाळेत जाताना आचलला त्यांची गाडी दिसली, जुन्या जागेपासून थोडी सरकून, मोमोजवाल्याला लागून. काकांचा सदरा खांद्यावरून लोंबत होता आणि गाल आत गेले होते. पण शेगडी पेटलेली होती, आणि गाडीशी एक म्हातारे उपदेशी गृहस्थ उभे होते. दंडवत प्रणाम झाला, द्रोण पुढं आला, गृहस्थांनी घेतला आणि खाल्ला. आचल रस्त्याच्या अलीकडंच थांबून ते पाहत राहिली. तो घास त्या गृहस्थांच्या घशाखाली जाईपर्यंत तिनं श्वास सोडला नाही.

शाळा सुटल्यावर ती गेली. काकांनी तिला पाहिलं आणि न विचारता द्रोण लावला. दह्यावर चटणी घातली. मोठ्या माणसाची.

"खाय," ते म्हणाले.

तिनं एक घास खाल्ला. तिखटानं तिचे डोळे भरले, ते बरंच झालं.

काका तळणाकडं बघत बोलत होते. आश्रमात साऱ्यांसमोर उभं राहून सांगावं लागलं, असं म्हणाले. पहिल्या दिवशी जीभ वळेना. सांगायचं ते अंड्याचं नव्हतंच खरं तर. अंडं तर नकळत गेलं, त्याला काय.

"मले मालूम होतं नं बेटा, गिला वडा गोड नसते," ते म्हणाले. "मायाच हातचा पदार्थ. पहिल्याच घासाले समजलं का काहीतरी येगळं आहे. पन गोड लागलं, अन् मी दुसरा घास उचलला. थे सांगतलं मी साऱ्याईले. हे पोट्टीचं पाप नाही म्हटलं, हे माया जिभेचं आहे."

त्यांनी झाऱ्यानं वडे उलटले.

"तेवढं सांगतलं अन् हलकं झालं. लय वर्साचं वझं उतरल्यासारकं. उपाशी होतो, चक्कर येत जाय, पन हलकं."

आचलनं द्रोण खाली ठेवला. अंडं नव्हतं, हे दोन शब्द तिच्या तोंडात तयार होते. ते आता सदाच तयार असत. तिनं तोंड उघडलं, आणि काकांनी हात वर केला. उपासानं मनगटाचं हाड वर आलं होतं.

"नाही. थे नको म्हणू आता," ते म्हणाले. "तुया तो दुसरा व्हिडिओ बी दाखवला मले कोनी. नव्हतं, नव्हतं करत फिरून राहिली तू. कायले? मी काही तुयावर राग नाही धरला. मी हलका झालो, तू बी हो. एक डाव खरं बोल. माया जिवाले बी शांती भेटन का लेकरू सुदरलं."

तळणातला बुडबुडा फुटला. एक रिक्षा अगदी गाडीला खेटून गेली. आचल त्या हाताकडं बघत होती. तिला दिसत होतं की अंडं नव्हतं हे काकांनी आज खरं मानलं, तर ते आश्रमात उभं राहणं, ती चक्कर, भागीरथाबाईंचे एकटीचे दिवस, सगळं कशासाठी झालं. आणि मग त्यांना हेही कळणार की समोरच्या पोरीला सगळं माहीत होतं, आणि तरी ती म्हणाली, अंड्याचा आहे. कॅमेऱ्याकडं बघून. अंडं चारणाऱ्या पोरीला त्यांनी माफ केलं होतं. या दुसऱ्या पोरीची त्यांना ओळखच नव्हती.

"उद्या येते काका," ती म्हणाली.

ते हसले. द्रोणाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

घरी आई फोनवर कुणाशी तरी बोलत होती. नाही हो ताई, अंडं नव्हतंच त्याच्यात, पोरीनं सांगितलं नं सगळं, असं ती ज्या सराईतपणे म्हणत होती त्यावरून हे आज पहिल्यांदा नव्हतं. बाबा पेपर वाचत होते. व्हिडिओचं आताशा कुणी विचारत नाही, असं त्यांनी परवाच समाधानानं सांगितलं होतं. आचलनं दप्तर ठेवलं, हातपाय धुतले आणि दोघांच्या मधोमध येऊन उभी राहिली. आईचा फोन संपेपर्यंत ती थांबली. तिच्या ओठांवर अजून मिरची होती आणि तिनं ती पुसली नाही.

"मले काही सांगायचं आहे," ती म्हणाली. तो जुना खणखणीत आवाज नव्हता, पण तोंडातल्या तोंडातलाही नव्हता.

बाबांनी पेपर खाली केला.

"उद्या शाळेत जायच्या आधी मी डोमाजी काकांकडं जाणार आहे. एकटी. आई, तू येऊ नको, अन् आता कुणाले फोनवर नव्हतं म्हणू नको. मी ठरवलं. मी त्याईले सांगणार आहे, त्या केकात अंडं होतं म्हणून."

आईनं बाबांकडं पाहिलं. बाबांनी चष्मा काढला. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा सैल झाला. मुलीच्या डोक्यावर ठेवायला त्यांनी हात पुढं केला, आणि आचल त्या हातापासून एक पाऊल मागं सरली.

"किती होती विचारलं," ती म्हणाली, "तर दोन म्हणीन."